पोटाखाली आरसा धरा : तांग काळातल्या मातीच्या घोड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात चीनमधल्या थडग्यांत सापडणाऱ्या भाजक्या मातीच्या घोड्यांवर लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांत बडोद्याची पत्रं सर्वांत जास्त होती. सारखे प्रश्न एकत्र करून सात प्रश्न निवडले आहेत. पहिल्या आणि चौथ्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे, कारण बहुतेकांना एक तर घरातला घोडा ओळखायचा आहे किंवा तसा घोडा करून पाहायचा आहे.

प्रश्न 1 : आमच्या आजेसासऱ्यांनी कलकत्त्याहून आणलेला मातीचा घोडा घरी आहे. उंची 38 सेंमी, चौकोनी पाटावर उभा, अंगावर तपकिरी, हिरवा आणि दुधी रंग ओघळलेले. घरात सगळे त्याला ‘तांग घोडा’ म्हणतात. तो खरंच तेवढा जुना आहे का, हे घरच्या घरी कसं कळेल?
— एक वाचिका, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : तांग म्हणजे चीनचं इ.स. 618 ते 907 मधलं राजघराणं. घोडा त्या काळातला आहे, असं पक्कं ‘हो’ घरी मिळत नाही. पक्कं ‘नाही’ मात्र पुष्कळदा अर्ध्या तासात मिळतं. रंगांपासून सुरुवात करू नका. तपकिरी, हिरव्या आणि दुधी झिलईला (मातीवर भाजलेल्या काचेसारख्या थराला) चिनी भाषेत सान्त्साय म्हणतात, आणि नक्कल करणाऱ्याला सगळ्यांत आधी जमतो तो हाच भाग. लुओयांगजवळच्या नानशिशान गावात अशा प्रतिकृती शंभराहून अधिक वर्षं होत आल्या आहेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लुओयांगच्या बाजूला रेल्वेचं काम सुरू झालं, थडगी फुटली, झिलईचे घोडे पेकिंगच्या बाजारात आले आणि नकला करणारे लगेच कामाला लागले. म्हणजे आजेसासऱ्यांच्या काळातली खरेदी असली तरी ती नक्कल असू शकते. ‘घरात तीन पिढ्या आहे’ हा पुरावा तीन पिढ्यांपुरताच.

टेबलावर जाड घडी घातलेली चादर पसरा. घोडा डोकं, कान, शेपूट किंवा खोगीर धरून उचलू नका. एक हात पाटाखाली, दुसरा छातीला. आडवा करताना मानेखाली आणि पायांच्या मध्ये गुंडाळलेले टॉवेल ठेवा. आता पोटाखाली पाहा. तांग घोड्याचं धड पोकळ असतं आणि भट्टीतली हवा-वाफ बाहेर पडावी म्हणून पोटाला भोक ठेवलेलं असतं. त्यातून छोटी विजेरी आणि दंतवैद्याचा आरसा आत घाला. धड दोन अर्ध्या साच्यांत माती दाबून केलेलं असेल, तर भिंतीची जाडी जागोजागी वेगळी दिसते, बोटांचे दाब दिसतात आणि दोन अर्ध्यांच्या जोडावर आतून चोपडलेली मातीची पट्टी दिसते. आतली भिंत गुळगुळीत आणि सगळीकडे एकाच जाडीची असेल, तर पातळ माती प्लास्टरच्या साच्यात ओतून वस्तू केलेली आहे. ती आधुनिक पद्धत आहे. तिथेच थांबलात तरी चालेल.

आत काही ठरलं नाही तर पाय आणि पाट पाहा. पाय भरीव असतात, पाट पातळ आणि पुष्कळदा किंचित वाकडा. झिलई खुरांच्या वर कुठेतरी थांबते, तिथे उघडी माती दिसते. ती पांढरट, पिवळसर किंवा फिकट गुलाबी असायला हवी. विटेसारखी लाल माती दिसली तर शंका वाढते. उघड्या मातीवर चिकटलेल्या चिखलावर ओल्या कापसाची काडी फिरवा. थडग्यातली माती सुटी होते किंवा हट्टाने चिकटून राहते. डिंक वा फेविकॉलसारखं काही घालून लावलेला चिखल मात्र बुळबुळीत होतो. एक सूचना : घोड्याचं अंग झिलईविना रंगवलेलं असेल तर ही ओली काडी अजिबात लावू नका.

मग झिलईकडे या. शिसं असलेल्या झिलईवर फार बारीक केसतडे पडतात आणि शेकडो वर्षं ओल्या मातीत राहिल्यावर काही भागांवर रुपेरी, इंद्रधनुषी साय येते. ती डागाडागांनी येते, जिथे ओल साठली तिथे जास्त. आम्ल लावून चमक घालवली असेल तर ती सगळीकडे सारखीच गेलेली असते, मांडीच्या आतल्या बाजूलासुद्धा. तड्यांत तपकिरी रंग एकसारखा भरलेला असेल तर बहुधा चहा किंवा तत्सम द्रावणात बुडवलेलं आहे. निळा रंग दिसला म्हणून हुरळू नका. कोबाल्टचा निळा तांग घोड्यांवर कमी प्रमाणात येतो हे खरं, पण नेमक्या त्याच कारणाने नक्कल करणारे तो सढळ हाताने वापरतात.

शेवटी साज. आयाळ कातरलेली किंवा एका बाजूला वळवलेली, काहींच्या आयाळीत तीन तुरे राखलेले, शेपूट आखूड करून बांधलेली, छातीवर आणि पुठ्ठ्यावर पट्टे, पट्ट्यांना पानाच्या आकाराची पदकं, खोगिरावर चुण्या पडलेलं कापड. काही घोड्यांच्या मानेवर लांब खाच आणि शेपटीच्या जागी नुसतं भोक असतं, तिथे खऱ्या केसांची आयाळ-शेपूट बसवलेली असे. नकलेत हा साज बहुधा ‘जवळजवळ’ बरोबर असतो : पट्टा निघतो आणि कुठेच बांधलेला नसतो, किंवा पदकं खोगिरावरच चिकटलेली असतात. घोडा ज्यांनी रोज पाहिला त्यांच्या हातून असं होत नाही.

पाय तुटून जोडलेले दिसले तर निराश होऊ नका. थडग्याचं छत कोसळलं की आधी पायच मोडतात, त्यामुळे मोठा घोडा कुठेही न जोडलेला असेल तर उलट त्याचंच आश्चर्य. मात्र काळोखात अतिनील दिवा मारला की नवा सरस आणि वरून दिलेला रंग वेगळा चमकतो. जोड किती आणि कुठे, ते त्यात दिसतं.

प्रश्न 2 : उष्मादीप्ती चाचणी म्हणजे नेमकं काय? वस्तू खराब होते का? ‘चाचणी झालेला घोडा’ म्हणून मुंबईत एक तुकडा विकायला आहे, घ्यावा का?
— एक वाचक, अलकापुरी, बडोदे

उत्तर : मातीतल्या क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारच्या कणांत आसपासच्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सर्गाची ऊर्जा साठत जाते. माती सुमारे 500 अंशांच्या वर भाजली की हा साठा रिकामा होतो आणि पुन्हा शून्यापासून भरू लागतो. नमुना प्रयोगशाळेत तापवला की साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. त्या प्रकाशावरून शेवटची भाजणी केव्हा झाली याचा अंदाज येतो. अंदाज ढोबळ असतो. वस्तू 1,200 वर्षांची आहे की 50 वर्षांची, एवढं नीट सांगतो. 720 सालची की 750 सालची, हे सांगत नाही.

नमुन्यासाठी पाटाखाली किंवा पोटाच्या आत बारीक ड्रिलने काही मिलिमीटरचं भोक पाडून चिमूटभर पूड घेतात, अंधुक उजेडात, कारण प्रकाशानेही साठा कमी होतो. नमुना नेहमी किमान दोन जागांचा हवा. ‘चाचणी झालेला’ घोडा घेताना खरा प्रश्न तोच : भोकं कुठे पाडली? जुन्या फुटक्या घोड्याचा पाट आणि दोन पाय घ्यायचे, वर नवं धड बसवायचं, आणि नमुना पाटाचा द्यायचा, ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे. प्रमाणपत्रावरच्या फोटोतली भोकं समोरच्या वस्तूवर त्याच जागी आहेत का, हे ताडून पाहा. एकही नमुना धडाचा नसेल तर प्रमाणपत्र पाटाचं आहे, घोड्याचं नाही. वस्तूचा क्ष-किरण किंवा सीटी स्कॅन करायचा असेल तर तो पूड काढल्यानंतर करा, कारण त्या किरणांचीही भर साठ्यात पडते.

अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत या पद्धतीवर बरंच संशोधन झालं आहे. घरगुती वस्तूंची प्रमाणपत्रं देणाऱ्या व्यापारी प्रयोगशाळा वेगळ्या, त्यांतली ऑक्सफर्डची सर्वांत परिचित. बाहेर पाठवायची वेळ आली तरी पूडच पाठवा, घोडा नाही. का, ते सातव्या उत्तरात.

प्रश्न 3 : शीआनच्या मातीच्या सैन्यातले घोडे आणि हे रंगीत घोडे एकच का? चिनी लोकांना घोड्याचं एवढं वेड का होतं?
— एक शाळकरी वाचक, बडोदे

उत्तर : दोन्हींमध्ये जवळजवळ नऊशे वर्षांचं अंतर आहे. 1974 साली शीआनजवळ लिन्तोंग इथे विहीर खणताना शेतकऱ्यांना जे सैन्य सापडलं ते चीनच्या पहिल्या सम्राटाचं, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातलं. तिथले घोडे जवळजवळ खऱ्या मापाचे, झिलई नसलेले, भाजून झाल्यावर लाखेच्या थरावर रंगवलेले. तो थर कोरड्या हवेत आला की काही मिनिटांत सुरळ्या होऊन सुटतो, म्हणून आज ते मातकट दिसतात. त्यांच्या पोटाच्या बाजूला भाजणीसाठी गोल भोक ठेवून नंतर ते मातीच्या चकतीने बुजवलं आहे. हान काळातल्या थडग्यांत (इ.स.पू. 206 ते इ.स. 220) घोडे लहान झाले पण संख्या राहिली. 1965 मध्ये शियानयांगजवळ यांगजियावान इथे पाचशेहून अधिक घोडेस्वार मिळाले. झिलईचे रंगीत घोडे तांग काळातले (618 ते 907), त्यांतही सातव्या शतकाचा शेवट आणि आठव्याचा पूर्वार्ध हा त्यांचा भराचा काळ. 755 मध्ये सेनापती आन लुशानचं बंड झालं, राजधान्या लुटल्या गेल्या आणि ही हौस ओसरली.

काळ ओळखायची एक सोपी खूण : रिकीब, म्हणजे स्वाराने पाय ठेवायची खोगिराची कडी. पहिल्या सम्राटाच्या घोड्यांना खोगीर आहे, रिकीब नाही. हान घोड्यांनाही नाही. चांगशा इथल्या 302 सालच्या थडग्यातल्या स्वारांच्या मूर्तींत ती एकाच बाजूला दिसते, बहुधा चढण्यापुरती. नानजिंगजवळ 322 च्या सुमारास जोडी दिसते. ‘हान काळातला’ म्हणून दाखवलेल्या घोड्याला दोन्ही बाजूंना रिकिबी असतील, तर पुढे बोलणं नको.

वेड मात्र गरजेतून आलं. उत्तरेच्या गवताळ प्रदेशातल्या टोळ्या घोड्यावर लढत आणि शेतीच्या मुलखात चांगली पैदास होत नसे. हान सम्राट वू याने मध्य आशियातल्या फरगण्याच्या घोड्यांसाठी इ.स.पू. 104 ते 101 मध्ये फौजा पाठवल्या. तांग राजांनी सरकारी कुरणं वाढवली. सातव्या शतकात चाळीस वर्षांत काही हजारांचे 7,06,000 घोडे झाले, अशी त्यांच्या इतिहासग्रंथांत नोंद आहे. 667 मध्ये कारागीर आणि व्यापाऱ्यांनी घोड्यावर बसू नये असा हुकूम निघाला. त्यामुळे थडग्यातला घोडा मालकाचा हुद्दा सांगतो. मातीच्या वस्तू किती पुरायच्या यालाही नियम होता : तिसऱ्या दर्जापर्यंतच्या अधिकाऱ्याला 90, पाचव्यापर्यंत 60, नवव्यापर्यंत 40. नियम मोडणारे तेव्हाही होतेच. 728 मध्ये वारलेल्या सेनापती लिऊ तिंगशुनच्या नावाने ओळखला जाणारा ब्रिटिश म्युझियममधला संच पाहा, त्यातली सर्वांत उंच मूर्ती एक मीटरच्या वर आहे.

प्रश्न 4 : मी शिल्पकलेची विद्यार्थिनी आहे. सुमारे 30 सेंमीचा, तिरंगी झिलईचा घोडा करून पाहिला. पोटाला तडा गेला, एक पाय वाकला आणि हिरवा रंग हिरवा न येता फिरोजी आला. कुठे बिघडलं?
— प्रतापगंज, बडोदे

उत्तर : तिन्ही दोषांची कारणं वेगळी आहेत. क्रमाने जाऊ.

माती लाल असेल तर दुधी रंग कधीच येणार नाही, म्हणून पांढरी भाजणारी माती घ्या : बॉल क्ले आणि चिनी माती, त्यात 10 ते 15 टक्के भाजलेल्या मातीचा रवा. रव्याने आकुंचन कमी होतं आणि जाड भागांतून वाफ निघायला वाट मिळते. एकूण आकुंचन साधारण 10 टक्के धरा, म्हणजे 30 सेंमीसाठी मूळ नमुना 33 सेंमीचा हवा. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या दोन अर्ध्या साच्यांत माती 7-8 मिमी जाडीने दाबा. एकदम मोठा गोळा न घालता चपट्या तुकड्यांनी, एकावर एक चढवत. बोटाने दाबलं तर ठसा उठत नाही पण नखाने कोरता येतं, अशी माती झाली की कडा खरवडा, त्याच मातीची पातळ लापशी लावा, जोडा आणि आतून मातीची वळी चोपडा. ही आतली वळी बहुतेक विद्यार्थी विसरतात आणि सांधा भट्टीत पाठीवरून उघडतो. पोटाखाली दोन-तीन सेंमीचं भोक ठेवा.

पाय आणि पाट धडाइतकेच ओले असताना जोडायला हवेत. धड आठवडाभर सुकलं आणि पाय ताजे लावले, तर पाय नंतर आकसतात आणि पोट खाली ओढलं जातं. तुमचा तडा पायांच्या मुळापाशी असेल तर कारण हेच. तो पोटाच्या मध्यावर असेल तर आधार कशाचा होता ते आठवा. सुकताना पोटाखाली वीट किंवा लाकडाचा ठोकळा ठेवला की माती आकसते, ठोकळा आकसत नाही, आणि पोट त्यावर फाटतं. आधार त्याच मातीचा, त्याच ओलाव्याचा करा आणि मध्ये वर्तमानपत्राचा कागद घाला, म्हणजे तो घोड्याबरोबर आकसेल. भट्टीतही पहिल्या भाजणीत तो तसाच राहू द्या.

पाय वाकण्याचं कारण बहुधा तापमान नसतं, पाट असतो. पाट भट्टीच्या फळीला चिकटून राहतो, चारही बाजूंनी मोकळेपणी आकसू शकत नाही, आणि मग चारपैकी सर्वांत बारीक पाय वाकतो. पाट एक सेंमी जाड ठेवा, खाली बारीक वाळूचा किंवा अ‍ॅल्युमिनाचा पातळ थर द्या, त्यावर तो सरकतो.

सुकवणं बडोद्यात ऋतूवर आहे. मे महिन्यात कान आणि शेपूट दोन तासांत पांढरे पडतात आणि मांड्या आठवडाभर ओल्या राहतात. कान, शेपूट, लगामाच्या बारीक पट्ट्या यांना प्लास्टिक गुंडाळा आणि पूर्ण घोड्यावर सैल पिशवी टाका, रोज थोडी उघडा. भरीव पायांना दोन ते तीन आठवडे लागतात. पावसाळ्यात त्याहून जास्त. पाय गालाला लावून गार लागला तर तो अजून ओला आहे.

पहिली भाजणी : 120 अंशांपर्यंत तासाला 50 अंश, तिथे दोन तास थांबा, 600 पर्यंत तासाला 80 ते 100. 573 अंशांना क्वार्ट्झचं आकारमान अचानक बदलतं, तिथे चढताना आणि उतरताना घाई नको. पुढे तासाला 150 ने 1050 पर्यंत. भट्टी 100 च्या खाली आल्याशिवाय उघडू नका.

आता रंग. तांग झिलईत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक शिशाचं ऑक्साइड असे. तांबं शिशाच्या झिलईत पानासारखा हिरवा देतं, आणि अल्कली किंवा बोरॉनच्या झिलईत निळसर-फिरोजी. तुमची फ्रिट (झिलईसाठी आधीच वितळवून दळलेली काचेची पूड) शिसेविरहित होती, म्हणून फिरोजी. ती तशीच राहू द्या. शेंदूर किंवा मुरदाडशिंग ही शिशाची ऑक्साइडं आणून घरी झिलई कुटायच्या फंदात पडू नका. पूड श्वासातून जाते आणि हातावरून डब्यात. हिरवा हवा असेल तर तांब्याबरोबर थोडं लोह घाला. सुरुवातीला हे प्रमाण धरा : पारदर्शक बोरॉन फ्रिट 85 भाग, चिनी माती 15 भाग. या 100 भागांवर हिरव्यासाठी कॉपर कार्बोनेट 4 आणि लाल आयर्न ऑक्साइड 1, तपकिरी-मधाळ रंगासाठी आयर्न ऑक्साइड 5 ते 6, निळ्यासाठी कोबाल्ट कार्बोनेट अर्धा ते 1, दुधीसाठी नुसती मूळ झिलई. झिलई ताकाइतकी पातळ करून ब्रशने द्या. आधी आपल्या मातीच्या टाचणवहीएवढ्या फरशांवर तपासा, फरशी उभी भाजा, आडवी नाही, नाहीतर ओघळ कळत नाही. झिलईची भाजणी 1000 अंशांच्या आसपास.

शिशाची झिलई फार पातळ होऊन वाहते आणि त्या घोड्यांवरचे ओघळ तिनेच झाले आहेत. बोरॉन फ्रिट तेवढी वाहत नाही. ओघळ कमी पडले तर चिनी माती 15 वरून 10 वर आणा आणि रंग पाठीवर, मानेच्या कण्यावर जाड द्या, खाली येता येता पातळ. खुरांच्या वर दीड सेंमी पट्टा कोरडा सोडा. फळीवर किल्नवॉश (झिलई चिकटू नये म्हणून द्यायचा लेप) लावलेला असू द्या, कारण एक ओघळ तरी पाटापर्यंत येतोच.

कोरडं मिश्रण चाळताना मास्क घाला. सिलिकाची धूळ शिशाइतकी बदनाम नाही, पण फुप्फुसाला ती पुरेशी आहे.

प्रश्न 5 : छोटा उदेपूरच्या बाजूला देवस्थानांत मातीचे घोडे वाहतात. त्यांचा आणि चिनी घोड्यांचा काही संबंध?
— रावपुरा, बडोदे

उत्तर : संबंध जोडू नये. राठवा आणि शेजारच्या समाजांत हे घोडे देवाला, उघड्यावर, सगळ्यांच्या देखत वाहिले जातात आणि पाऊस-उन्हात तिथेच झिजतात. चिनी घोडा मेलेल्या माणसाच्या सेवेसाठी बंद थडग्यात जाई आणि पुन्हा कुणी पाहू नये हीच अपेक्षा असे. घडवण्याची रीतही वेगळी. आपल्याकडचा कुंभार धड, मान आणि पाय चाकावर पोकळ नळ्यांसारखे काढून जोडतो, तांग कारागीर साच्यात दाबतो आणि पाय भरीव करतो. पोकळ पायाचा घोडा लवकर सुकतो, उघड्या आव्यात कमी आचेवर भाजला तरी फुटत नाही. भरीव पायाचा घोडा त्या आव्यात बहुधा फुटलाच असता. कुंभाराला हे कुणी शिकवावं लागत नाही.

प्रश्न 6 : पावसाळ्यानंतर घोड्याच्या पायांवर पांढरी भुकटी येते. ओल्या फडक्याने पुसतो, पुढच्या वर्षी पुन्हा येते. उपाय?
— मांडवी, बडोदे

उत्तर : आधी फडकं बंद करा. ते क्षार आहेत, मातीत मुरलेले. हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ पाणी ओढून विरघळतं, हवा कोरडी झाली की पुन्हा स्फटिक होतं. स्फटिक होताना जागा लागते, आणि ती तो झिलईच्या पाठीमागे करून घेतो. बडोद्यात जुलै-ऑगस्ट आणि डिसेंबर यांच्यात हे चक्र दरवर्षी फिरतं. ओल्या फडक्याने तुम्ही थोडं मीठ पुसता आणि उरलेलं आत ढकलता. कोरड्या, मऊ ब्रशने भुकटी झटका, कागदावर गोळा करा, झिलईचा कण खाली पडला तर तो पाकिटात जपून ठेवा.

घोडा काचेच्या बंद पेटीत ठेवा, सोबत सिलिका जेल आणि साधा आर्द्रतामापक. 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली तर भुकटी थांबते. स्थिरता महत्त्वाची, आकडा त्यानंतर. रात्री एसी आणि दिवसा बंद, हा सर्वांत वाईट प्रकार. नव्या लाकडाचं किंवा प्लायवूडचं कपाट टाळा. त्यातून सुटणारी अ‍ॅसिटिक आम्लाची वाफ मातीतल्या चुन्याशी मिळून नवे पांढरे क्षार तयार करते. व्हिनेगर, चिंच, लिंबू हे तर झिलईतलं शिसंच बाहेर काढतात, त्यामुळे पितळेच्या भांड्याचे उपाय इथे चालणार नाहीत. तेल आणि मेणही नको.

तुटलेला तुकडा अ‍ॅराल्डाइटने चिकटवू नका. तो सांधा पुन्हा उघडत नाही आणि कालांतराने पिवळा पडतो. संवर्धक अ‍ॅसिटोनमध्ये विरघळणारं पॅरालॉइड बी-72 वापरतात, ते चुकलं तर काढता येतं. क्षार खरोखर काढायचे असतील तर ते डिस्टिल्ड पाण्यात भिजवून, पाणी बदलत करावं लागतं. जुने जोड आणि भाजणीनंतर दिलेले रंग त्यात सुटू शकतात. हे काम संवर्धकाकडेच द्या.

प्रश्न 7 : असा घोडा अमेरिकेतल्या मुलीला पाठवता येईल का? आणि विकायचा झाला तर?
— निजामपुरा, बडोदे

उत्तर : शंभर वर्षांहून जुना असेल तर पाठवता येणार नाही. पुरावस्तू आणि कलाखजिना कायदा 1972 चा, अमलात 5 एप्रिल 1976 पासून. त्याखाली खाजगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू चीनची आहे म्हणून सुटका नाही, व्याख्या वयावर आहे. मोडल्यास किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि दंड. मातीच्या मूर्ती नोंदणी करायच्या प्रकारांत येतात. नोंदवलेली वस्तू देशात विकता किंवा भेट देता येते, पण मालकी बदलल्याचं नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, तेव्हा दलालाकडे तो आधी मागा.

घोडा नवा आहे अशी खात्री असली तरी विमानतळावर तुमची खात्री कामाची नाही. तपासणाऱ्याला 50 वर्षांची चांगली नक्कल आणि 1,200 वर्षांचा घोडा सारखेच दिसतात. वस्तू पुरावस्तू नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतो. त्यांचं वडोदरा मंडळ शहरातच आहे, अर्ज कुठे आणि कसा करायचा याची चौकशी तिथे करा. सोबत चारही बाजूंचे, पाटाखालचे आणि पोटातले फोटो, मापं आणि असल्यास खरेदीची पावती न्या. दाखला हातात येईपर्यंत तिकिटासोबत घोडा बांधू नका.